पाट साफ आहे

तेरेक-बुलाक
२१ एप्रिल

सिर्गा,

आशीर्वाद आहेत. राग वेगळा, त्याचं खाली लिहिते.

पत्र बघून तू तोंड वाकडं करशील, की आईला फोन घेऊन दिलाय तो काय शोभेला ठेवलाय. पण फोनवर तू माझं बोलणं पुरं होऊ देत नाहीस. पाचव्या वाक्याला आपली जुंपते आणि तू ठेवून देतेस. पत्र तसं मधेच तोडता येत नाही. ओमुरच्या मिनीबसने पाठवतेय. तुझ्या हातात दिल्याशिवाय परत फिरायचं नाही असं त्याला बजावलंय.

आज तेमिरबेक आला होता. तुझा काका गावप्रमुख झाल्यापासून आपल्याच घरात शिरताना खाकरतो. दोन वाट्या चहा पोटात गेला, मग म्हणाला, "वहिनी, यंदा पाट साफ करायचा नाही."

"का रे? पाट रुसलाय?"

"बिश्केकहून निरोप आहे, आपल्या सिर्गाच्या कचेरीतून. जूनमध्ये हॉलंडचे बारा विद्यार्थी येणार आहेत, गावाची सेवा करायला. पाट ते साफ करणार. तोवर आपण हात लावायचा नाही."

"आणि पाणी?"

"जूनमध्ये येईल की."

मी त्याच्यापुढची वाटी उचलली. जवाला पहिलं पाणी मेच्या मध्याला लागतं हे तेमिरबेक विसरू शकतो, त्याचं डोकं मुळातच हलकं आहे. पण तू? तुझा बाप बावीस वर्षं या गावाचा पाटकरी होता. कोणाची पाळी कोणानंतर, कोणाच्या शेताला किती वेळ दार उघडं ठेवायचं, सगळं त्याच्या तोंडपाठ. तू चालायला शिकलीस ती त्या पाटाच्या काठाने. एप्रिल संपताना घरटी एक माणूस फावडं घेऊन निघतं आणि आपापल्या वाट्याचा गाळ काढतं, हे काय मी तुला सांगायचं? आपला वाटा चाळीस पावलांचा. तो गेल्यापासून मी काढते. हे सगळं ठाऊक असून तू निरोप पाठवलास, किंवा कोणी पाठवला तो अडवला नाहीस. मला दोन्ही सारखंच.

जाताना तेमिरबेक दारात थांबून म्हणाला की सिर्गाची बढती या गावावर ठरलीय, पाहुणे आले आणि काम नसलं तर बढती बाजूलाच, नोकरी जाईल. म्हणजे मला घाबरवायला तुम्ही त्याला धाडलंत.

तुझी नोकरी जावी असं मला वाटत नाही. नीट वाच, पुन्हा लिहिणार नाही. पण सहा आठवडे रान कोरडं ठेवून मी कोणाची बढती करणार नाही, पोटच्या पोरीचीही नाही. पाहुण्यांना दुसरं काम शोध. सोमवारी मी फावडं घेऊन निघणार आहे.

आई


७ मे

सिर्गा,

पाट साफ आहे.

तू फोनवर म्हणालीस, "आई, फक्त माझ्यासाठी थांब." मी फोन ठेवला. तेव्हा तुला वाटलं असेल की मी विरघळले. मी फावड्याला नवा दांडा बसवायला गेले, इतकंच. सोमवारी गेले.

पहिल्या दिवशी एकटीच होते. दुकानासमोर बाप्ये सूर्यफुलाच्या बिया फोडत बसले होते. त्यातला एक म्हणाला, "वहिनी, प्रमुखाने नको म्हटलंय." मी म्हटलं, "प्रमुखाला सांग, त्याच्या भावाची बायको बहिरी झालीय." दुसऱ्या दिवशी कालिपा आजीची सून आली, तिचा वाटा उपसायला लागली. तिच्या मागून झुरा आली. झुरा म्हणजे तेमिरबेकची स्वतःची बायको. लग्नाला बारा वर्षं होऊनही नवऱ्याचं कधी न ऐकलेली ही बाई मला त्या दिवशी फार आवडली. पाचव्या दिवशी आम्ही अठ्ठावीस जणी होतो. सहाव्या दिवशी पाणी आलं.

गुडघा सुजलाय. तुला सांगायचं नव्हतं, पण ओमुर सांगेलच.

तुझ्या साहेबांना, त्या बाकित असानोविचना, सांग की म्हातारीने ऐकलं नाही. सगळं माझ्यावर ढकल. मी इथे बसलेय, माझं कोण काय वाकडं करणार.

आई


१ जून

सिर्गा,

आपलं गाव भोळं आहे हे ठाऊक होतं. अख्खं गाव एका सकाळी इतकं भोळं होईल असं वाटलं नव्हतं.

काल सकाळी उठून बघते तर पाटात पाणी नाही. काठाकाठाने वर गेले. वर तेमिरबेक आणि सहा बाप्ये पाट बुजवतायत. आम्ही बायकांनी उपसून काठावर टाकलेला गाळ फावड्याने उचलून पुन्हा आत. वर दगड. घाम निथळतोय आणि हात थांबत नाहीत. एप्रिलमध्ये यांच्यातला एकजण तरी असा राबला असता तर माझा गुडघा वाचला असता.

"हे काय चाललंय?"

तेमिरबेकने टोपी मागे सरकवली. "वहिनी, नऊ तारखेला पाहुणे येतायत. लेकरं इतक्या लांबून काम करायला येणार, आणि आपण काय सांगायचं, संपलं? तोंड दाखवायला जागा राहील का?"

"मग झुराला सांग, आठ दिवसांची भांडी खरकटी ठेव म्हणावं."

"पाहुण्यांना भांडी?" तो खरोखर दचकला. पाट बुजवण्यात त्याला काही गैर वाटत नव्हतं, पाहुण्याने भांडी घासण्यात वाटलं.

त्यांच्या मनात पाप नव्हतं, हेही लिहून ठेवते. आपण असेच आहोत. पाहुण्याने घोडा मागितला तर घोडा द्यायचा, काम मागितलं तर काम द्यायचं, आणि नसेल तर खपून तयार करायचं. मी पाटात उतरले आणि मधोमध एका दगडावर बसले. म्हटलं, "टाका आता." कोणी टाकेना. कोणी मला उठवेना. मोठ्या भावजयीला हात लावून कोण उठवणार? दुपारपर्यंत ते काठावर बसले, मी आत. तेवढ्यात खालून झुरा धावत आली. वर अडलेलं पाणी बाजूने फुटून तेमिरबेकच्या बटाट्यांत शिरलं होतं. मग काय, सातही जण एका दमात पाटात उतरले. संध्याकाळच्या आत पाट होता तसा मोकळा.

हे वाचून तू हसली असशील तर पुढचं वाच.

दोरोनबेक मास्तरांनी मला त्यांच्या फोनवर तुमच्या कचेरीचं पान दाखवलं. मास्तरांनी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि ते बोलायला गावात अजून एकही माणूस आला नाही, म्हणून सध्या ते आनंदात आहेत, रोज दाढी करतात. त्यांनी वाचलं आणि फोन पालथा ठेवला. मी म्हटलं, सांगा. पानावर माझा फोटो आहे. दोन हातांत दोन बादल्या, सगळीकडे बर्फ. खाली लिहिलंय की अनीपा रोज पाच किलोमीटर चालून पाणी आणते.

तो फोटो तू काढलास. मागे एका जानेवारीत दोन दिवस चौकातला नळ गोठला होता तेव्हाचा. तुझा बाप तेव्हा होता, दारात उभा राहून मला चिडवत होता आणि मी हसत होते. तू चार-पाच फोटो काढले होतेस. त्यातला नेमका तो निवडलात ज्यात वाऱ्याने माझे डोळे बारीक झालेत.

मला राग आला असं म्हणणं कमी पडेल. मला लाज वाटली. सिर्गा, आपल्या दारातून कोणी तहानलेला गेला नाही, आणि तू मला जगासमोर हात पसरून उभं केलंस. तो फोटो काढून टाक. नोकरी जाते की राहते ते नंतर बघू.

आई


१४ जून

सिर्गा,

फोटो अजून आहे. मास्तर रोज बघून सांगतात.

पाहुणे आले. बारा जण, घरटी दोन. माझ्याकडे फेम्के आणि लोत्ते नावाच्या दोन पोरी आहेत. उंची अशी की दोघी आपल्या दाराच्या चौकटीला कपाळ आपटून झाल्या. आता वाकून येतात.

पहिले तीन दिवस गावाने त्यांना खाऊ घातलं. एका घरातून उठवायचं, दुसऱ्या घरात बसवायचं. प्रत्येक घरी दारासमोरची मानाची जागा, प्रत्येक घरी बकरं. योरिस नावाच्या एका मुलाने पहिल्याच दुपारी घोडीच्या आंबट दुधाचे, कुमिसचे, चार वाडगे रिचवले, त्याला नाही म्हणता येईना आणि वाढणाऱ्यांना थांबता येईना. दोन दिवस आडवा होता. फेम्के मला रोज सकाळी फावडं मारल्याची खूण करून विचारायची, कुठे? मी तिच्यापुढे लोणी सरकवायचे. मीसुद्धा, बघ. पाटात बसून तेमिरबेकला बोलले आणि स्वतः तेच करत होते.

चौथ्या दिवशी पोरगी उंबऱ्यावर बसून रडायला लागली. मास्तरांना बोलावलं. ती म्हणाली की इथे येता यावं म्हणून वर्षभर दर शनिवारी आम्ही लोकांच्या गाड्या धुतल्या, आणि तुम्ही आम्हाला नुसतं जेवायला घालताय, आम्ही इतक्या निरुपयोगी दिसतो का? मग तिने फोन काढला. तोच फोटो. माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ही तूच ना?

मी मास्तरांना म्हटलं, सांगा, फोटो माझा आहे, खालचं खोटं आहे. माझं वाक्य एवढंसं आणि मास्तरांचं भाषांतर संपेना. म्हटलं, मास्तर, साखर घालू नका. ते कावरेबावरे झाले, म्हणाले, "अनीपाबाई, मुलींचं मन मोडेल हो." म्हणून मी फेम्केचा हात धरला आणि तिला पाटावर नेलं. पाणी धो धो चाललं होतं. ओंजळीने प्यायले. तिला पाजलं. आमचं घर दाखवलं, पावलं मोजून दाखवली, सगळी मिळून तीस. मग तिच्या फोनवरच्या माझ्या तोंडावर बोट ठेवून मान हलवली. तिला कळलं. कानापर्यंत लाल झाली.

मागून मास्तर पोचले. ती म्हणाली, म्हणजे आम्हाला मूर्ख बनवलं. मी म्हटलं, "तुला बनवलं आणि मला विकलं. ज्यांनी लिहिलं ते बिश्केकला बसलेत, आणि त्यातली एक माझ्या पोटची आहे." या वेळी मास्तरांनी साखर घातली नाही. त्यांच्या तोंडावरूनच कळत होतं.

तिने विचारलं, मग आम्ही परत जाऊ का?

आणि मला एकदम वरचा बंधारा आठवला. नदीतून पाट निघतो तिथला, दगडांचा. तुझ्या बापाच्या वेळी दर काही वर्षांनी गाव इर्जिक घालून, घराघरातून माणसं बोलावून, तो बांधायचं. आता सगळी जवान पोरं रशियात, त्यामुळे सहा वर्षं आम्ही पोत्यांवर भागवतोय आणि दर पुरात पोती जातायत. तिथे माणसं हवी होती, धडधाकट, दगड उचलणारी. अशी बारा माणसं माझ्या गावात तीन दिवस बसून जेवत होती.

तेमिरबेक ऐकेना. "पाहुण्यांकडून दगड उचलवणार? वहिनी, शेजारची गावं थुंकतील आपल्यावर." मी म्हटलं, "इर्जिकीला आलेला पाहुणा असतो का?" यावर तो अडकला. कारण नसतो. इर्जिकीला आलेला मिळेल तिथे बसतो, सगळ्यांबरोबर एका काहिलीतलं खातो, आणि काम चुकलं तर शिव्याही खातो. फक्त बोलावणं नावानिशी जावं लागतं, दारात जाऊन. म्हणून काल मी बाराही नावं मास्तरांकडून घोकून घेतली. डोक्यावर पांढरा रुमाल बांधला आणि दारोदार फिरले. योरिसचं नाव माझ्या तोंडी तिसऱ्यांदा बसलं. पलंगावरूनच तो उठून उभा राहिला, हाताने चड्डी सावरत.

आज सकाळी सगळे वर गेलेत. पाहुणे गेले, माणसं आली असं म्हण हवं तर. तुझ्या कागदात हे बसत नसेल, मला ठाऊक आहे. तू काल फोनवर म्हणालीस, "आई, तू माझं घर जाळतेयस." ते मी ऐकलं. विसरले नाही.

आई


२५ जून

सिर्गा,

तुला सगळं कळलंच असेल, पण माझ्याकडून कळलेलं नाही, म्हणून लिहिते.

बंधारा नऊ दिवसांत झाला. पहिल्या दोन दिवसांत पोरांचे हात फुटले. ऐंशी वर्षांची कालिपा आजी घोंगडीवर बसून हुकूम सोडत होती. "ए लांबड्या, दगडाचं पोट आत, पाठ बाहेर. तुझ्या आईने तुला हेच शिकवलं का?" योरिसला शब्द एक कळत नव्हता, पण त्याने दगड फिरवला. तिसऱ्या दिवसापासून तो तिला आजी म्हणायला लागला, आपल्या भाषेत. फेम्के आणि झुरा एका दगडावरून अर्धा तास भांडल्या, एक डचमध्ये, एक किर्गिझमध्ये, आणि दोघींनाही दुसरीचं पटलं नाही. इतकं हसणं आपल्या गावात तुझा बाप गेल्यापासून मी ऐकलं नव्हतं.

परवा तुमची पांढरी गाडी आली. बाकित असानोविच स्वतः, सोबत कॅमेरावाला. माणूस गोड बोलतो, मान्य. माझे दोन्ही हात हातात घेतले. मला बंधाऱ्यापुढे उभं केलं आणि म्हणाले, "आई, एवढंच सांगा, ही मुलं यायच्या आधी पाण्यासाठी रोज किती चालावं लागायचं." मग कानाजवळ येऊन हळूच म्हणाले, "सिर्गा फार हुशार आहे. तिचं भलं तुमच्या हातात आहे."

हे त्यांनी बोलायला नको होतं. त्याआधी मी कदाचित नुसती गप्प बसले असते. आता लिहितेय तर खरं लिहिते, गप्प बसायचं मी ठरवूनच आले होते, तुझ्यासाठी.

मी कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं, "माझं नाव अनीपा. हा पाट माझ्या सासऱ्यांच्या पिढीने खणला. पाण्यासाठी मी आयुष्यात कधी पाच किलोमीटर चालले नाही. ही मुलं आली नसती तरी आम्हाला पाणी होतं. ती आली म्हणून बंधारा झाला, कारण आमची मुलं परदेशात आहेत आणि आमचे गुडघे गेलेत. ती आमच्या इर्जिकीला आली. त्यांच्याकडे काम निघालं तर आम्हाला बोलवा, आम्ही जाऊ. आणि तुमच्या पानावरचा माझा फोटो काढा."

कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली केला. पण लोत्तेने तिच्या फोनवर सगळं टिपलं होतं, आणि मास्तरांनी जागेवरच शब्दाला शब्द सांगितलं. काल मुलं गेली. जायच्या आधी त्यांनी ते तिकडे पाठवूनही दिलं. म्हणे हजारोंनी बघितलं.

फोटो रात्रीतून निघाला.

तुझा फोन आला नाही. मी वाट बघितली.

आई


११ जुलै

सिर्गा,

तेमिरबेक मघाशी येऊन गेला. त्याला तुमच्या कचेरीतून कागद आलाय. त्यात लिहिलंय की नवरा गेल्यापासून अनीपाचं डोकं ठिकाणावर नाही, तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नये, आणि गावप्रमुखाने खाली सही करावी. तसाच एक कागद तुझ्यापुढेही ठेवलाय, मुलगी म्हणून. सही केलीस तर नोकरी राहील. नाहीतर या महिन्यात टेबल रिकामं करायचं. तुला वीस तारखेपर्यंत मुदत आहे म्हणे.

तेमिरबेकने सही केली नाही. मी विचारलं का, तर म्हणतो, "तू वेडी आहेस हे सगळ्या गावाला माहीत आहे, त्याला सही कशाला?" आणि नाक शिंकरत बाहेर गेला. त्या माणसाला मी या उन्हाळ्यात बरंच बोलले. त्यातलं निम्मं परत घेते.

तू सही कर. मला काही वाटणार नाही.

वरची ओळ खोटी आहे. खोडत नाही, दिसू दे. मला वाटेल. त्या कागदाखाली तुझं नाव बघून मी पुन्हा या गावात मान वर करून चालू शकेन का, मला माहीत नाही. चालेन म्हणा. मी मेले तरी मान वर करूनच मरेन. पण तुला सांगते, वाटेल.

तरी तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं हे मला सांगता येत नाही. तुझ्या डोक्यावर भाड्याचं छप्पर आहे, ते शहर आहे, तिथे नोकरी सुटलेल्या मुलीला कोणी पाव विचारत नाही. इथून शूरपणा करायला मला काय जातंय?

आणि तुझा बाप गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला भरल्या घरात मी तुला बोलले, की ज्याला पाटाचा चिखल नको त्याने या घरचा चहाही घेऊ नये. तू वाटी खाली ठेवलीस आणि निघून गेलीस. अडीच वर्षं झाली. ते वाक्य मी परत घेत नाही. पण ते सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, आणि त्या दिवशी तर नकोच. हे मी पहिल्यांदा कबूल करतेय. याचा त्या कागदाशी संबंध लावू नकोस.

तुझं तू ठरव. ठरवशील ते मला तेमिरबेककडून कळायला नको, तुझ्याकडून कळू दे.

आई


२३ जुलै

बाकित असानोविच यांस,

तुम्ही सिर्गाच्या नावाने आमच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र मिळालं. उत्तर मी देतेय, कारण ती झोपलीय. परवा दुपारी ओमुरच्या मिनीबसमधून उतरली, दोन पिशव्या आणि एक खोकं घेऊन. तेव्हापासून जेवते आणि झोपते.

तुम्ही विचारता, इतकं समजावूनही तिने सही का केली नाही. ते मला माहीत नाही. तिने सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असेल तर तुम्ही त्या कागदावर काय लिहिलं होतं ते तुमच्या आईला वाचून दाखवा.

तुम्ही लिहिता की पुढच्या वर्षी आमचं गाव तुमच्या यादीत नसेल. ठीक आहे. फेम्के आणि योरिस यांनी मास्तरांना कळवलंय की एप्रिलमध्ये ते आपले आपण येणार आहेत, गाळ काढायला. वाटेल तर तुम्हीही या. मी नावानिशी बोलावणं पाठवीन, तुमचं नाव मला पाठ झालंय. फावडं इथे मिळेल. कालिपा आजी शिव्या देईल, त्या मनावर घेऊ नका.

कचेरीचा फोन तुम्ही परत मागितलाय. तो सोबत पाठवतेय. पुसून ठेवलाय.

आता जे लिहिते त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही, तरी वाचा. तिची नोकरी माझ्यामुळे गेली. तुम्ही निमित्त झालात, पण गेली माझ्यामुळे. कॅमेऱ्यासमोर मी बोलले ते उद्या पुन्हा विचारलंत तर पुन्हा बोलेन, एक शब्द बदलणार नाही. पण बोलताना तिचं काय होईल हे मला पक्कं ठाऊक होतं, तुम्हीच कानात सांगितलं होतंत, आणि तरी मी बोलले. त्याचं मला इतकं वाईट वाटतं की ती समोर जेवायला बसली की माझ्याच्याने तिच्याकडे बघवत नाही. मी उगाच चुलीशी खुडबुड करते. ती माझ्याशी अजून बोलली नाही. मीही बोलले नाही. दोघी एका घरात आहोत आणि हे मी बिश्केकला लिहितेय, हसा हवं तर.

तिने सही केली नाही हे कळल्यावर मी गोठ्यात जाऊन रडले. मला वाटतं तिच्याइतकं धाडस माझ्यात नाही. माझ्याकडे घर होतं, जमीन होती, अख्खं गाव पाठीशी होतं, मग मी बोलले. ती तिथे एकटी होती. हे तिला तोंडावर सांगायला मला जमत नाही. मला कधीच जमलेलं नाही, तिच्या बापालाही मी असलं काही कधी सांगितलं नाही, आणि तो गेला. म्हणून तुम्हाला सांगून ठेवते.

हे पत्र आणि फोन उद्या सकाळी मिनीबसवर द्यायला मी सिर्गालाच पाठवणार आहे. पाकीट चिकटवलेलं नाही.

अनीपा